छोट्या घरात पाळणाघर मांडताना

पाळणाघर सुरू करायचं मनात आलेल्या बायकांचे फोन मला अधूनमधून येतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की बहुतेकींचा प्रश्न एकच असतो, "काकू, आमचा वन बीएचके आहे हो. जमेल का?" या प्रश्नामागची धाकधूक मला चांगली ठाऊक आहे. डोंबिवलीतल्या अशाच एका घरात मी 2002 साली पाळणाघर सुरू केलं. दहा बाय पंधराचा हॉल, त्याला लागून बेडरूम, लांबट स्वयंपाकघर आणि एक खुर्ची कशीबशी मावेल एवढी बाल्कनी. पहिल्या चौकशीला आलेल्या आईने दारातूनच घर न्याहाळलं आणि संकोचून विचारलं, "जागा एवढीच का?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आज ते देता येतं.

जागेचा हिशेब चौरस फुटांत मांडला की लहान घर अपुरंच वाटतं. तोच हिशेब तासांत मांडून बघा. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसांचे संसार झाले ते याच हिशेबावर. पहाटे अंथरुणं गुंडाळली की बसायची खोली, पानं मांडली की जेवायची, दुपारी पुस्तकं उघडली की अभ्यासाची आणि रात्री पुन्हा झोपायची. पाळणाघराला वेगवेगळ्या खोल्या लागत नाहीत; त्या त्या वेळेला पूर्ण रिकामी होणारी एक खोली लागते. मारिया मॉन्टेसरींनी 1907 साली आपलं पहिलं बालघर उघडलं तेही रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, भाडेकरूंच्या इमारतीतल्या जागेत. आईबाप कामावर गेले की मागे राहणाऱ्या मुलांसाठीच ते होतं.

आधी जमिनीवर बसा

रंग, खेळणी, बोर्ड यांच्या खरेदीला लागण्यापूर्वी एका दुपारी घरात एकटीने जमिनीवर बसा. मग हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत सगळ्या घरातून एक फेरी मारा. मुलाचं सगळं जग जमिनीपासून अडीच-तीन फुटांत असतं आणि आपण रोज त्याच्या वरून बघत असतो. माझ्या पहिल्या फेरीत मला दिसलं ते असं: टीपॉयचा कोपरा नेमका डोळ्यासमोर, लोंबणारी चार्जरची वायर, खालच्या प्लगमधलं डासांचं मशीन, दिवाणाखाली सरकवलेली हत्यारांची पेटी आणि कपाटाखाली गेलेलं एक रुपयाचं नाणं.

टीपॉय, काचेचा शोकेस, जास्तीच्या खुर्च्या ही अडगळ दिवसापुरती बेडरूममध्ये किंवा माळ्यावर जाऊ द्या. जे हलवता येत नाही ते भिंतीला पक्कं करा. मुलं कपाटाचे खण ओढून शिडीसारखी चढतात, म्हणून कपाट आणि टीव्ही सुताराकडून पट्टी मारून भिंतीत स्क्रूने बसवून घ्या. बारीक वस्तूंसाठी सोपी परीक्षा आहे. टॉयलेट पेपर संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागता कामा नये. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांची तर फार काळजी घ्या. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजू शकते. रिमोट आणि आवाज करणारी खेळणी यांची झाकणं स्क्रूने बंद होणारीच हवीत.

घर रिकामं करताना घरपण मात्र काढू नका. भिंतीवरचं घड्याळ, आजोबांचा फोटो, कोपऱ्यातलं देवघर, खिडकीतला मनीप्लांट हे सगळं राहू दे. मुलाला परक्या जागेत धीर येतो तो ओळखीच्या वळणाच्या वस्तूंनी. भिंतभर कार्टून चिकटवली की खोली आणखी लहान वाटते. त्याऐवजी एका भिंतीवर मुलांच्या उंचीला लांब कागद लावा, खडू द्या आणि चित्रं त्यांनाच काढू द्या. वासाकडेही लक्ष असू दे. सकाळी आठला मूल आत येताना नाकाला फिनेल झोंबू नये. फरशी तासभर आधी पुसून खिडक्या उघडा. कुकरमधल्या वरणाचा वास येत असेल, तर स्वागताचं निम्मं काम त्यानेच होतं.

एका खोलीच्या चार खोल्या

माझ्याकडे चार टब आहेत, झाकणाचे आणि दिवाणाखाली सरकतील असे: खेळाचा, जेवणाचा, झोपेचा आणि दप्तराचा. एका वेळी एकच टब बाहेर येतो. दुसरा काढायचा तर पहिला भरून जागेवर गेला पाहिजे. शिस्तीचा भाग त्यात थोडा आहे. मुख्य म्हणजे जमीन मोकळी राहते.

दिवस साधारण असा जातो. आठ ते साडेअकरा खेळ. मध्ये एकदा खाली सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर, मोठं माणूस जवळ असताना. साडेअकराला हात धुऊन जेवण. साडेबारा ते तीन झोप. त्यानंतर शाळेतून आलेल्या मोठ्या मुलांचा अभ्यास, दूध आणि पुन्हा खेळ.

मुलांना घड्याळ कळत नाही, पण अंथरलेलं काय आहे ते बरोबर कळतं. म्हणून प्रत्येक वेळेला ठरावीक बैठक ठेवा. आमच्याकडे जेवायला पिवळी प्लॅस्टिकची चटई, झोपायला निळी सतरंजी, खेळायला जाड रबरी मॅट. एक दोन वर्षांचा मुलगा होता, अजून धड बोलत नसे. महिनाभराने एका दुपारी तो दिवाणाखाली अर्धा शिरला आणि दोन्ही हातांनी निळी सतरंजी बाहेर ओढायला लागला. त्याला झोप आली होती आणि या घरात झोप कुठे ठेवलेली असते ते त्याला माहीत झालं होतं. घर मुलाचं झालं हे मी अशा खुणांवरून ओळखते.

मुलं किती घ्यायची, याचंही उत्तर जमिनीवरच मिळतं. झोपायच्या खोलीत अंथरुणं घालून बघा, प्रत्येक दोघांत हातभर अंतर ठेवून. मावतील तेवढीच मुलं. मग दुसरी परीक्षा घ्या: लिफ्ट बंद आहे, धूर झाला आहे, तर घरातली मोठी माणसं सगळ्या मुलांना एकाच फेरीत जिन्याने खाली नेऊ शकतील का? एक कडेवर, एक-दोन बोट धरून, आणि चालती मोठी मुलं पुढे. या दोन्हींतून जो लहान आकडा येईल तो तुमचा आकडा. एकटीने सुरुवात करत असाल तर चार पुरे, आणि त्यात रांगतं बाळ एकच. चौकशी कितीही आली तरी या आकड्यावर ठाम राहा.

उंबरठ्यावरची दहा मिनिटं

दाराच्या आत, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर फळी ठोकून त्यावर बोथट टोकांचे हुक लावा. प्रत्येक हुकावर एक चित्र: आंबा, छत्री, होडी, पोपट, पतंग. मूल आलं की पहिल्या दिवशी त्यालाच चित्र निवडू द्या. मग तेच चित्र त्याच्या पिशवीवर, पेल्यावर आणि अंथरुणावर. वाचता न येणाऱ्या मुलाला "हे माझं" असं बोटाने दाखवता आलं की त्याचा जीव पुष्कळ शांत होतो. चपलांसाठी खाली एक खोका ठेवा, म्हणजे पॅसेज अडत नाही आणि शेजाऱ्यांची तक्रार येत नाही.

सकाळी बाळ आईच्या कडेवरून ओढून घेऊ नका. आधी तुम्ही खाली बसा, आईलाही दोन मिनिटं बसवा, तुमच्या हातात काहीतरी वाजणारं किंवा फिरणारं असू दे. मूल स्वतः खाली उतरतं. आईने डोळा चुकवून जाऊ नये, हे पहिल्याच भेटीत सांगा. रडलं तरी "संध्याकाळी येते" असं सांगून, टाटा करून जावं. आई अचानक नाहीशी झाली तर मूल दिवसभर दाराकडे बघत राहतं. सांगून गेलेली आई संध्याकाळी खरंच परत येते, हे चार-सहा दिवसांत त्याला उमगायला लागतं.

पहिले पंधरा दिवस पायरीपायरीने घ्या. आधी दोन-तीन दिवस आईसह तासभर, मग आईशिवाय तास-दोन तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेसकट. प्रसूती रजेच्या कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यामुळे आपल्याकडे येणारं बाळ बऱ्याचदा सहा महिन्यांचं असतं. याच सुमाराला ते बसायला लागतं, वरचं अन्न सुरू होतं आणि अनोळखी चेहरा कळायला लागतो. हे सगळं एकदम आलेलं असतं, म्हणून आईला रजा संपायच्या पंधरा दिवस आधीच यायला सांगा. सोबत आईच्या जुन्या सुती साडीची गोधडी किंवा ओढणी मागून घ्या. तो वास बाळाच्या ओळखीचा असतो.

मोरी, ओटा आणि कड्या

लहान घरात स्वयंपाकघर चार पावलांवर असतं. त्याच्या दाराला कमरेएवढं फाटक बसवा; तुम्हाला मुलं दिसतात, मुलांना तुम्ही दिसता. मुलांचा स्वयंपाक ती यायच्या आत उरकून घ्या. गरम करायचंच असेल तर मागच्या शेगडीवर, कढईचा दांडा आत वळवून. काम झालं की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. हातात गरम चहा असताना मूल कडेवर घेऊ नका. चुकून भाजलंच तर भाजलेला भाग नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि डॉक्टर गाठा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही लावू नका.

मोरीत भरलेली बादली ठेवू नका. रांगतं मूल डोकं खाली जाऊन काही इंच पाण्यातही बुडू शकतं. बादल्या रिकाम्या, पालथ्या आणि दार बाहेरून बंद. फिनेल, ॲसिड, उंदराचं औषध माळ्यावर कुलपात, आणि कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही.

कड्यांचा धडा मला अनुभवाने मिळाला. सुरुवातीच्या वर्षात एका तीन वर्षांच्या मुलीने बाथरूमची आतली कडी लावून घेतली आणि तिला ती काढता येईना. मी दाराच्या फटीतून तिच्याशी बोलत बसले आणि शेजारचे काका स्क्रू काढत होते. वीस मिनिटं लागली. त्याच संध्याकाळी घरातल्या आतल्या दारांच्या सगळ्या खालच्या कड्या काढल्या आणि वर, मोठ्यांच्या हाताला येतील अशा लावल्या. मुख्य दाराला मात्र आतून वरची कडी हवीच.

खिडकीखाली दिवाण किंवा स्टूल नको. ग्रिलच्या दोन गजांमध्ये चार इंचांहून जास्त फट असेल तर आतून मजबूत जाळी बसवून घ्या, बाल्कनीलाही तेच. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा शॉक वाचवणारा ब्रेकर बसवा आणि खालचे प्लग झाकून टाका. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणजे मुलं आपल्याकडे असतात तेव्हा. कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करा. दुपारच्या झोपेला मच्छरदाणी लावा.

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सुरू करण्याआधीच घ्या. घशात काही अडकलेल्या बाळाला पालथं धरून पाठीवर थाप कशी द्यायची हे पुस्तकातून येत नाही. बाहुलीवर हाताने करून शिकावं लागतं. दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा: रुग्णवाहिका 108, आपत्कालीन मदत 112, चाइल्डलाइन 1098, जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि प्रत्येक मुलाच्या घरचे दोन-दोन नंबर.

झोप, जेवण आणि खेळ

वर्षाखालचं बाळ उताणं झोपवा, सपाट कडक गादीवर, उशी, जाड दुलई आणि मऊ खेळणी बाजूला ठेवून. पुष्कळ बाळांना घरी झोळीची सवय असते. माझ्याकडे बाळ सपाट गादीवरच झोपेल, हे मी आईला पहिल्या दिवशीच प्रेमाने सांगते. चार-आठ दिवस थोपटत बसावं लागतं, मग सवय होते. मुलं झोपली की पडदा ओढा, पण श्वास आणि चेहरा दिसेल एवढा उजेड राहू द्या, आणि खोलीतच थांबा.

डबा घरून की जेवण तुमच्याकडे, हे आधी ठरवा. डबे असतील तर नावापेक्षा चित्राची खूण बरी, अदलाबदल होत नाही. जेवण तुमचं असेल तर आठवड्याचा बेत लिहून लावा: मऊ वरणभात, खिमट, भाजी घातलेलं धिरडं, नाचणीचं सत्त्व, दहीभात. वर्षाच्या आत मध अजिबात नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे लहानांना नकोत आणि द्राक्ष उभं चिरूनच द्या. कुणाला कशाची ॲलर्जी आहे, कुणाच्या घरी काय खात नाहीत, हे फडताळाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा म्हणजे मदतनीस बाईंनाही कळेल.

खेळण्यांवर फार पैसे घालवू नका. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने मुलांच्या अंगणातच शाळा नेली. तिथे दगड, पानं, शंख-शिंपले, बिया हीच साधनं होती. अंगणवाडी हा शब्दही त्याच कामातून आला. आपल्या हॉलमध्येही तेच चालतं. स्टीलच्या वाट्या, लाकडी पळी, जुन्या ओढण्या, पुठ्ठ्याचे खोके, कणकेचा गोळा, लाकडी ठोकळे आणि भातुकली. सगळं एकदम काढू नका. निम्मं माळ्यावर ठेवा आणि पंधरा दिवसांनी बदला. मूल जुन्याच वस्तूकडे नव्याने धावतं. टीव्ही बंद. पहिल्या आठवड्यात जड जातं, नंतर त्याची आठवणही होत नाही.

घरची माणसं आणि शेजार

घर तुमच्या एकटीचं नाही. नवऱ्याची रात्रपाळी, सासूबाईंची दुपारची झोप, मुलाची दहावी हे आधी मांडून बोला. तुमच्या स्वतःच्या मुलासाठी एक खण, एक कोपरा असा ठेवा जिथे दुसऱ्या कुणाचा हात जाणार नाही. नाहीतर घर वाटून घेतल्याचं त्याला खुपत राहतं.

सोसायटीच्या कमिटीला लेखी पत्र द्या: मुलं किती, वेळ कोणती, लिफ्टचा वापर कसा. खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन भेटा. दुपारी आणि रात्री पळापळ होणार नाही असं सांगा आणि रबरी मॅट घाला. मदतनीस बाईंची पोलीस पडताळणी करून घ्या. तुमच्याशिवाय घरात कोण कोण असतं हे पालकांना स्पष्ट सांगा, आणि मुलाला कुणाही पाहुण्याबरोबर एकटं सोडू नका. मुलाला न्यायला कोण येणार ती नावं लिहून घ्या. यादीबाहेरचं कुणी आलं, अगदी सख्खा मामा असला तरी, आईला फोन केल्याशिवाय मूल द्यायचं नाही.

पैशांचं बोलणं संकोच न करता पहिल्याच दिवशी कागदावर करा. फी, उशिराचे पैसे, सुट्ट्या, तापाच्या दिवशी काय करायचं, औषध कोणतं आणि किती हे लेखी दिल्याशिवाय देणार नाही, फोटो काढायचे की नाही, सगळं. संध्याकाळी तीन ओळी रोज लिहा: काय खाल्लं, किती झोपलं, आज नवीन काय केलं. लोकलच्या गर्दीतून दमून आलेली आई आधी तिसरी ओळ वाचते.

आणि एक टब कायम भरलेला ठेवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, लोकल थांबल्या आणि फोन लागेनासे झाले. त्या रात्री माझ्याकडची तीन मुलं राहिली. वीज नव्हती. घरात दूध पावडर, मेणबत्त्या आणि कोरडे कपडे होते म्हणून निभावलं. एकाची आई दुसऱ्या दिवशी दुपारी कंबरभर पाण्यातून चालत आली, तेव्हा तो पिवळ्या चटईवर बसून भात खात होता. ती दारातच खाली बसली. त्या दिवसापासून प्रत्येक मुलाचे दोन जोड कपडे, दूध पावडर, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या आणि औषधांची पेटी यांचा पाचवा टब माझ्या घरात आहे. दर जूनमध्ये मी तो तपासते.

सुरू करण्याआधी एक दुपार

सगळं मांडून झालं की लगेच बोर्ड लावू नका. शेजारचं दोन-तीन वर्षांचं एखादं मूल आईसकट दोन तास बोलवा. हातात कागद ठेवा आणि तुमच्या तोंडून "नको", "हात लावू नको", "तिकडे जाऊ नको" किती वेळा आलं आणि कशाबद्दल आलं, तेवढं लिहा. माझ्या पहिल्या कागदावर 31 वेळा होतं. ते मूल गेल्यावर मी कागद हातात घेऊन घरातून फिरले आणि वस्तू हलवत गेले. पुढच्या रविवारी तेच मूल पुन्हा आलं, तेव्हा आकडा सहावर होता.

फोनवर वन बीएचकेबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकीला मी आता हेच सांगते, की घर मोजू नका, नको मोजा. तो आकडा खाली आला की दार उघडा.